बांधावरची आंतरवासिता

महाविद्यालयीन विद्यार्थ्याने पदवी हाती पडण्यापूर्वी काही काळ प्रत्यक्ष कामाच्या जागी काढावा, तेथील माणसांत वावरावे आणि पुस्तकात वाचलेल्यापैकी काय खरे व काय केवळ परीक्षेपुरते याचा निवाडा स्वतः करावा, या व्यवस्थेला शासकीय मराठीत ‘आंतरवासिता’ आणि विद्यार्थ्यांच्या मराठीत ‘इंटर्नशिप’ म्हणतात. तिच्या महत्त्वाविषयी कुलगुरू, उद्योजक आणि पालक यांच्यात कमालीचे एकमत आहे, आणि ज्या विषयावर या तिघांचे एकमत असते त्याचा भार सहसा चौथ्यावर पडतो. वैद्यकीय पदवीसाठी बारा महिन्यांची फिरती आंतरवासिता सक्तीची असून तीत विद्यार्थी रात्रपाळी करायला आणि उभ्याउभ्या झोपायला शिकतो. भारतीय विधिज्ञ परिषदेच्या 2008 च्या नियमांनुसार कायद्याच्या तीन वर्षांच्या अभ्यासक्रमात किमान 12 आणि पाच वर्षांच्या अभ्यासक्रमात किमान 20 आठवड्यांची आंतरवासिता करावी लागते, व त्या काळात ‘पुढची तारीख’ या प्राचीन संस्थेचा जवळून परिचय होतो. सनदी लेखापालांची ‘आर्टिकलशिप’ पूर्वी तीन वर्षांची होती ती 2023 पासून दोन वर्षांची झाली, पण व्हाउचरांवर बरोबरच्या खुणा करण्याचे काम त्या प्रमाणात घटलेले नाही. या सर्वांत एक समान सूत्र आहे: ज्याला येत नाही तो, ज्याला येते त्याच्या मागे उभा राहतो. महाराष्ट्रात या सूत्राला एक ठळक अपवाद आहे, तो कृषी पदवीच्या विद्यार्थ्यांचा. कारण येथे ज्याला येत नाही तो पुढे उभा राहून बोलतो, आणि ज्याला येते तो सतरंजीवर बसून ऐकतो. (बी.एड.चा छात्राध्यापकही शिकता शिकता शिकवतो हे खरे, पण त्याच्यासमोर बसलेली मुले निदान वयाने लहान असतात आणि त्यांनी चाळीस पावसाळे पाहिलेले नसतात.)

राहुरी, अकोला, परभणी आणि दापोली येथील चार कृषी विद्यापीठे व त्यांच्याशी संलग्न महाविद्यालये यांतील बी.एस्सी. कृषी पदवीच्या सातव्या सत्रात ‘ग्रामीण कृषी जागरूकता आणि कृषी औद्योगिक संलग्नता कार्यक्रम’ नावाची अवस्था येते. हे नाव एका दमात उच्चारणे हीच या कार्यक्रमाची पहिली परीक्षा असल्यामुळे विद्यार्थी ती टाळून, इंग्रजी नावाच्या आद्याक्षरांवरून, नुसते ‘रावे’ म्हणतात. रंधावा समितीच्या शिफारशीनंतर हा कार्यक्रम कृषी पदवीत देशभर रुजला, आणि भारतीय कृषी अनुसंधान परिषदेच्या पाचव्या अधिष्ठाता समितीने त्याची 20 आठवड्यांची मांडणी केली: एक आठवडा महाविद्यालयात पूर्वतयारी, आठ आठवडे गावात, पाच आठवडे संशोधन केंद्रात वा कृषी विज्ञान केंद्रात, दोन आठवडे वनस्पती चिकित्सालयात, म्हणजे पिकांवरील रोग व किडी ओळखून उपाय सुचवण्याच्या ठिकाणी, तीन आठवडे एखाद्या कृषी उद्योगात आणि शेवटचा आठवडा अहवाल, सादरीकरण व मूल्यमापन यांसाठी. अहवालाला एकच आठवडा दिला म्हणून कोणी हळहळण्याचे कारण नाही, कारण आधीचे एकोणीस आठवडेही त्याच्याच तयारीत जातात. गावात जाणाऱ्या मुलांना ‘कृषिदूत’ आणि मुलींना ‘कृषिकन्या’ म्हणण्याची पद्धत आहे. त्यामुळे मुलाला थेट परराष्ट्र सेवेचा दर्जा मिळतो आणि मुलगी मात्र कोणाची तरी कन्याच राहते, याकडे विद्वत् परिषदांचे लक्ष अजून गेलेले दिसत नाही.

शिकलेल्या माणसाने गावात जाऊन पाहण्याची परंपरा याहून जुनी आहे. पुण्याच्या कृषी महाविद्यालयाचे प्राचार्य डॉ. हॅरॉल्ड मान यांनी पुण्याजवळच्या पिंपळे सौदागर या गावाची तपशीलवार पाहणी करून 1917 मध्ये ‘लँड अँड लेबर इन अ डेक्कन व्हिलेज’ हा ग्रंथ प्रसिद्ध केला, आणि 1771 मध्ये सरासरी 40 एकर असलेली धारणा, म्हणजे एका खातेदाराकडील जमीन, 1914-15 पर्यंत 7 एकरांवर आल्याचे दाखवून दिले. पाहणाऱ्यांनी तेथे गावाला काही शिकवण्याचा आव आणला नव्हता, त्यामुळे त्यांना गावाकडून पुष्कळ शिकता आले. आज हेच पिंपळे सौदागर पिंपरी-चिंचवड महापालिकेत आहे आणि तेथील धारणा चौरस फुटांत मोजली जाते. कृषिदूतांचा गट तेथे पाठवायचाच झाला तर त्याला गच्चीवरच्या कुंड्यांची पीकपद्धती नोंदवावी लागेल.

रावेचे मूलभूत एकक म्हणजे ‘प्रात्यक्षिक’. पेरणीपूर्वी बियाण्याला बुरशीनाशक व जिवाणू खत चोळण्याची बीजप्रक्रिया, ओल्या गोणपाटात शंभर दाणे गुंडाळून किती उगवतात ते मोजण्याची उगवणक्षमता चाचणी, शेतात इंग्रजी ‘व्ही’ अक्षराच्या आकाराचे खड्डे घेऊन मातीचा नमुना काढणे, पाच किलो निंबोळ्यांपासून शंभर लिटर फवारणीचा निंबोळी अर्क, निकृष्ट चाऱ्यावर युरियाची प्रक्रिया, नर पतंगांना मादीच्या वासाने फसवणारे कामगंध सापळे, आणि या सर्वांचा मुकुटमणी म्हणजे बोर्डो मिश्रण. एक किलो मोरचूद आणि एक किलो चुना वेगवेगळे विरघळवून एकत्र केल्यावर शंभर लिटर एक टक्क्याचे मिश्रण होते आणि त्यात बुडवलेला लोखंडी खिळा तांबूस झाला तर चुना कमी पडला असे समजावे, हे सर्व कृषिदूत खडान्खडा सांगतो. फक्त शंभर लिटरचे पिंप उपलब्ध नसल्याने प्रात्यक्षिक आंघोळीच्या बादलीत होते आणि उरलेले नव्वद लिटर श्रोत्यांच्या कल्पनाशक्तीवर सोपवले जातात. प्रात्यक्षिकाचे घटक महत्त्वाच्या उतरत्या क्रमाने सांगायचे तर फ्लेक्स, छायाचित्र, उपस्थितांच्या सह्या, सरपंच आणि बियाणे असे आहेत. छायाचित्राच्या कोपऱ्यात अक्षांश, रेखांश व वेळ उमटवणारे ॲप आल्यापासून तर कृषिदूत कोणत्या बांधावर किती वाजता उभा होता हे निर्विवादपणे सिद्ध होते. तो तेथे काय करत होता हे सिद्ध करणारे ॲप अद्याप यायचे आहे. प्रवेशप्रक्रिया लांबल्याने सत्र उशिरा सुरू झाले तर बीजप्रक्रियेचे प्रात्यक्षिक गुडघाभर वाढलेल्या सोयाबीनच्या पार्श्वभूमीवर घ्यावे लागते, आणि अशा वेळी छायाचित्रकाराने पाठीमागचे शेत चौकटीत येऊ न देणे ही गटकार्याची खरी कसोटी ठरते.

या प्रात्यक्षिकाचे पुढे बातमीत रूपांतर होते. जिल्हा दैनिकांच्या ग्रामीण पानावर पावसाळ्यात ‘कृषिकन्यांनी दिले बीजप्रक्रियेचे धडे’ या मथळ्याची बातमी नियमाने येते, आणि तिची रचना इतकी पक्की ठरलेली आहे की गावाचे नाव तेवढे बदलले तरी पुरते. पहिल्या वाक्यात महाविद्यालयाचे पूर्ण नाव, दुसऱ्यात प्रात्यक्षिकाचे नाव, तिसऱ्यात प्राचार्य, कार्यक्रम समन्वयक, कार्यक्रम अधिकारी व विषयतज्ज्ञ यांचे ‘लाभलेले मार्गदर्शन’, चौथ्यात गटातील दहाही विद्यार्थ्यांची नावे, आणि सरतेशेवटी ‘आदी शेतकरी उपस्थित होते’. ज्याच्यासाठी एवढा खटाटोप झाला तो मनुष्य या बातमीत ‘आदी’ या अव्ययात राहतो. बातमीचे कात्रण फायलीत चिकटवले जाते, फायलीला गुण मिळतात, आणि गुण मिळाल्यावर ती फाईल महाविद्यालयाच्या कपाटात पूर्वजांशेजारी जाऊन बसते. भविष्यातील एखाद्या इतिहासकाराने केवळ या कात्रणांवरून महाराष्ट्रातील शेतीचा अंदाज बांधला, तर राज्यात एकही दाणा बीजप्रक्रियेविना मातीत गेला नव्हता असाच निष्कर्ष त्याला काढावा लागेल.

आता सतरंजीवरच्या माणसाकडे वळणे भाग आहे. प्रत्येक विद्यार्थ्याला गावातील एक ‘संपर्क शेतकरी’ नेमून दिला जातो, म्हणजे ज्याच्या शेतावर जायचे, ज्याच्याकडून पिकांची, खर्चाची, जनावरांची माहिती घ्यायची आणि ज्याची सही दैनंदिनीवर घ्यायची असा शेतकरी. महाविद्यालयापासून सोयीच्या अंतरावरील गावांत दरवर्षी नवा गट येतो, पण संपर्क शेतकरी बहुधा तोच राहतो, कारण त्याचे घर रस्त्यालगत असते आणि त्याला नाही म्हणता येत नाही. परिणामी बीजप्रक्रिया, बोर्डो मिश्रण आणि माती नमुना यांचे सलग सात-आठ वर्षे प्रशिक्षण घेतलेला हा गृहस्थ त्या संपूर्ण कार्यक्रमातील सर्वाधिक प्रशिक्षित घटक बनतो. कृषिदूताची जीभ अडखळली की तो खालूनच सांगतो, “आधी बुरशीनाशक, मग कीटकनाशक, आणि जिवाणू सगळ्यात शेवटी. मागच्या साली पोरांनी उलटं केलं होतं.” आणि थोड्या वेळाने, न राहवून, “जरा हलक्या हातानं चोळा बाळांनो, सोयाबीनचं टरफल पातळ असतं, फुटलं की उगवायचं नाही.” हे दोन्ही मुद्दे शास्त्रशुद्ध आहेत आणि दोन्ही विद्यार्थ्याच्या पुस्तकात आहेत, पण पुस्तकातले वाक्य डोक्यात आणि काकांचे वाक्य बोटांत राहते, हा फरक गुणपत्रिकेत दाखवण्याची सोय नाही. कार्यक्रमाच्या शेवटी या काकांना शाल, श्रीफळ आणि एक रोप मिळते. विद्यापीठांनी त्यांना अभ्यागत प्राध्यापकाचे मानधन द्यावे असे येथे गांभीर्याने सुचवायचे आहे, आणि ही सूचना विनोद समजून हसण्यावारी नेली जाईल याचीही पूर्ण कल्पना आहे.

मग एवढे ज्ञान असलेला शेतकरी स्वतः बीजप्रक्रिया का करत नाही, हा प्रश्न कृषिदूताच्या प्रश्नावलीत ‘जाणीव-जागृतीचा अभाव’ या रकान्यात मिटवलेला असतो. आंतरवासितेचे मोल जर कोठे असेल तर ते हा रकाना खोटा ठरवण्यात आहे. विद्यार्थी आठ आठवड्यांत एकदा तरी खऱ्या पेरणीच्या दिवशी बांधावर सापडला, तर त्याला दिसते की चार दिवसांच्या पावसानंतर वाफसा, म्हणजे जमिनीत पेरणीयोग्य ओल आणि हवा यांचा मेळ, जेमतेम दोन दिवस टिकणार आहे. भाड्याचा ट्रॅक्टर सकाळी शेजाऱ्याकडे होता, दुपारी येथे आला आहे आणि संध्याकाळी तिसऱ्याकडे जायचा आहे. चालक इंजिन बंद करायला तयार नाही. मजूर जेवणापूर्वी काम आवरू पाहत आहेत. आणि अशा घटकेला प्रक्रिया केलेले बियाणे सावलीत पातळ पसरून वाळवायचे असते असे सांगणारा मनुष्य कितीही पदवीधर असला तरी वाटेतून बाजूला केला जातो. त्यात पिशवीतले विकतचे बियाणे अनेकदा कंपनीनेच रंग व औषध लावून दिलेले असते, त्यामुळे त्यावर पुन्हा काय चोळायचे हा प्रश्न उरतो, आणि घरचे बियाणे वापरायचे तर ते उगवेल का ही धास्ती मोठी असते. 2020 च्या खरिपात सोयाबीन न उगवल्याच्या तक्रारी मराठवाडा व विदर्भातून मोठ्या संख्येने आल्या, तेव्हापासून उगवणक्षमता चाचणीला मात्र गावात मान आहे. शंभरातले सत्तर दाणे उगवले तर बियाणे चालेल आणि कमी उगवले तर एकरी बियाणे वाढवावे लागेल, हा हिशेब थेट खिशाशी जोडलेला असल्याने त्या प्रात्यक्षिकाला सह्या मागाव्या लागत नाहीत. काय शिकवले तर माणसे आपण होऊन गोणपाट आणून देतात आणि काय शिकवले तर चहा पिऊन उठतात, हे ज्या विद्यार्थ्याला कळले त्याचे वीस आठवडे वसूल झाले. ते त्याने अहवालात लिहिले तर मार्गदर्शक लाल शाईने खोडतात, कारण अहवालाच्या नमुन्यात तसा मुद्दा नाही.

‘सहभागी ग्रामीण मूल्यावलोकन’ हा रावेचा दुसरा उत्सव. गावकऱ्यांनीच आपल्या गावाचा अभ्यास करावा आणि बाहेरच्याने केवळ निमित्त व्हावे, अशी ही पद्धत 1980 च्या दशकाच्या अखेरीपासून भारत, केनिया आदी देशांत विकसित झाली आणि रॉबर्ट चेंबर्स या अभ्यासकाचे नाव तिच्याशी जोडले गेले. तिच्यानुसार ग्रामपंचायतीच्या अंगणात रांगोळीने गावाचा नकाशा काढला जातो. सिद्धांताप्रमाणे तो गावकऱ्यांनी काढायचा असतो. व्यवहारात तो कृषिकन्या आदल्या दिवशीच्या आराखड्यावरून काढतात, गावातील वडीलधारी मंडळी खुर्चीत बसून ओढ्याचे वळण चुकल्याचे सांगतात, आणि शाळेतील मुले त्यावरून धावत गेल्याने पाझर तलाव एका क्षणात गावठाणात येतो. त्याच पद्धतीत ‘चपाती आकृती’ नावाचे साधन आहे: गावाच्या दृष्टीने जी संस्था जितकी महत्त्वाची तितका मोठा वर्तुळाकार कागद, आणि ती जितकी सहज पोहोचण्याजोगी तितकी मधल्या गावाच्या वर्तुळाजवळ. विद्यापीठाच्या पुस्तकात या आकृतीत कृषी विभाग व विद्यापीठ ही मोठी वर्तुळे अगदी जवळ असतात. गावाला खरोखर विचारले तर तलाठी कार्यालयाचे वर्तुळ परातीएवढे होऊन दूर जाते, सोसायटीचे मध्यम आणि जवळचे ठरते, कृषी सेवा केंद्राचे दुकान तर गावाच्या वर्तुळात जवळजवळ अर्धे शिरते, कारण औषध उधार तेथेच मिळते आणि कोणते फवारायचे तेही तेथेच सांगितले जाते. विद्यापीठाचा कागद हातात धरून एखादे आजोबा विचारात पडतात आणि शेवटी सौजन्याने तो कृषिदूताच्या पायाजवळ ठेवतात.

2020 मध्ये टाळेबंदीमुळे विद्यार्थ्यांना महाविद्यालयाच्या परिसरातील गावांत पाठवणे अशक्य झाले, तेव्हा त्यांना स्वतःच्याच गावात रावे पूर्ण करण्याची मुभा मिळाली आणि या आंतरवासितेच्या इतिहासातील सर्वांत हृद्य प्रकरण घडले. कृषी पदवीचे पुष्कळ विद्यार्थी शेतकऱ्यांचीच मुले असतात, आणि एरवी घरची पेरणी चालू असताना ते तीन तालुके ओलांडून परक्याला पेरणी शिकवत असतात. आता त्यांना श्रोता म्हणून खुद्द वडील लाभले. ज्या मुलाने बारावीनंतर कोळप्याला हात लावला नव्हता त्याने फ्लेक्ससमोर उभे राहून वडिलांना आंतरमशागतीचे फायदे सांगितले, वडिलांनी ते मुखपट्टी लावून शांतपणे ऐकले, आईने भ्रमणध्वनीवर छायाचित्र काढले, आणि बातमीत वडिलांचा उल्लेख ‘प्रगतशील शेतकरी’ असा झाला. प्रात्यक्षिक आटोपल्यावर वडिलांनी त्याला तेच कोळपे धरायला लावले हे बातमीत नाही. कृषिकन्यांच्या बाबतीत आणखी एक गोष्ट उघड झाली, जी परक्या गावात सहसा बंद दारामागे राहते: बियाणे निवडणे, ते राखेत वा कडुनिंबाच्या पाल्यात जपणे, खुरपणीच्या बाया गोळा करणे आणि त्यांच्या मजुरीची घासाघीस करणे हे सारे घरातील बाईच करते, मात्र प्रश्नावलीतील ‘शेतकऱ्याचे नाव’ या रकान्यात तिच्या नवऱ्याचे नाव असते.

गावाची विद्यार्थ्यांकडून अपेक्षा काय असते, याचे उत्तर पहिल्या आठवड्यातच मिळते आणि ते बोर्डो मिश्रणाशी संबंधित नसते. कृषिदूत हा वीस-एकवीस वर्षांचा, मोठ्या पडद्याचा मोबाइल बाळगणारा आणि इंग्रजी सूचना वाचू शकणारा प्राणी आहे, हे गावाने अचूक हेरलेले असते. 15 ऑगस्ट 2021 पासून राज्यभर लागू झालेल्या ई-पीक पाहणीत शेतकऱ्याने स्वतः शेतात उभे राहून पिकाचे छायाचित्र ॲपमधून पाठवायचे असते, म्हणजे त्याची नोंद सातबाऱ्यावर होते. ती नोंद, पीक विम्याचा अर्ज, सन्मान निधीची ई-केवायसी, न येणारा ओटीपी आणि आधारवर चुकलेले आडनाव या कामांसाठी कृषिदूताच्या खोलीपुढे संध्याकाळी जी रांग लागते ती कोणत्याही प्रात्यक्षिकाला लाभत नाही. या रांगेत बसून विद्यार्थ्याला कोणाची किती जमीन, ती कोणाच्या नावावर, पाण्यात वाटा किती, कर्ज कोठले आणि भावाभावांत बोलणे आहे की नाही, हे सर्व न विचारता समजते. डॉ. मान यांना ज्यासाठी घरोघर फिरावे लागले ते येथे ओटीपीची वाट पाहता पाहता आपोआप कळते, आणि कोणत्याही रकान्यात न बसल्यामुळे ते तसेच राहून जाते.

विद्यार्थ्यांच्या बाजूनेही अन्याय होऊ नये. सातव्या सत्रात निम्म्याहून अधिक खोलीचे चित्त राज्यसेवा, कृषी सेवा किंवा बँकेच्या कृषी क्षेत्र अधिकारी पदाच्या परीक्षेत असते. दिवसा कामगंध सापळा आणि रात्री चालू घडामोडी अशा दुहेरी पाळीत ही मुले जगतात, आळीपाळीने भात लावतात, आणि कुकरच्या शिट्ट्या किती झाल्या यावरून झालेली भांडणे महाविद्यालयातील तीन वर्षांच्या मैत्रीला जे करता आले नाही ते आठ आठवड्यांत करून दाखवतात. बाह्य परीक्षक शेवटी येतात, फाईल चाळतात, कात्रणांची संख्या पाहतात आणि विचारतात, “या गावाची मुख्य समस्या काय?” यावर ‘जागृतीचा अभाव’ असे उत्तर देणाऱ्याला पूर्ण गुण पडतात, “ट्रॅक्टर एकच आहे आणि वाफसा सगळ्यांना एकाच दिवशी येतो, सर” असे सांगणाऱ्याकडे परीक्षक चष्म्यावरून पाहतात आणि पुढचा प्रश्न रायझोबियमच्या मात्रेवर विचारतात.

यांतील काही पुढे कृषी खात्यात लागतात आणि एखाद्या तालुक्यात रुजू होतात. पावसाळा सुरू झाला की जवळच्या महाविद्यालयाचा गट फ्लेक्स घेऊन दारात येतो, कार्यक्रमाला या म्हणतो आणि मध्यभागी उभे करतो; साहेबही उभे राहतात, हातात बियाण्याची परात घेतात, मागचे सोयाबीन चौकटीत येत असल्याचे त्यांच्या अनुभवी नजरेला तात्काळ दिसते, आणि ते छायाचित्र काढणाऱ्या मुलाला दोन पावले डावीकडे सरकायला सांगतात.